चाचणीतली चार अक्षरे आणि जेवणाच्या ताटावरचा अबोला

पत्र

मी ३६ वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे. मिस्टर शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहेत. लग्नाला अकरा वर्षे झाली. घरात सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. आम्ही ख्रिस्ती आहोत, दर रविवारी उपासनेला जातो. जूनमध्ये आमच्या मंडळीचे (चर्चचे) पन्हाळ्याला जोडप्यांसाठी शिबिर झाले. तिथे स्वभावाची चाचणी घेतली. माझा प्रकार ईएनएफपी आला, त्यांचा आयएसटीजे. चारही अक्षरे उलटी! सगळे हसले, मीही हसले. आता घरी काही बोलायला गेले की ते म्हणतात, "मी असाच आहे, चाचणीतच आलंय." कामावरून आले की मोबाइल घेऊन बसतात. पूर्वी निदान जेवताना बोलायचे, मार्चपासून तेही नाही. मी रडले तर म्हणतात, "नेमकं काय करू ते सांग." रविवारी उपासनेनंतर मी चार जणींशी बोलत थांबले की हे गाडीपाशी उभे राहून हॉर्न वाजवतात. त्यात मंडळीतले एक वडीलजन म्हणाले, ही चाचणी म्हणजे पत्रिका बघण्यासारखेच, ख्रिस्ती माणसाने या नादाला लागू नये. मी रोज रात्री त्यांच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करते, पण फरक पडत नाही. आमचे स्वभाव जुळतच नाहीत का? चाचणीवर विश्वास ठेवू की नको?
— एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात चाचणीची आठ अक्षरे आहेत, पण आम्ही अडलो ते 'मार्चपासून' या शब्दापाशी. माणसाचा स्वभाव मार्चमध्ये बदलत नाही. जो नवरा दहा वर्षे जेवताना बोलत होता आणि आता बोलत नाही, त्याच्या गप्प बसण्याचे कारण 'आयएसटीजे' असू शकत नाही. तो आयएसटीजे असेल तर तेव्हाही होताच. शिबिरातल्या त्या कागदाने घोळ असा केला की तुम्हा दोघांनाही उत्तर सापडल्यासारखे वाटले, आणि मार्चमध्ये नेमके काय झाले हा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. त्याकडे येऊ. आधी वडीलजनांचा आक्षेप बघू, कारण ती शंका मनात राहिली तर पुढचे काही करताना हात आखडता राहील.

या चार अक्षरांचा अर्थ असा: पहिले (ई किंवा आय) माणूस बोलका की अंतर्मुख, दुसरे (एन किंवा एस) कल्पनेकडे ओढा की तपशिलाकडे, तिसरे (एफ किंवा टी) भावनेने ठरवतो की तर्काने, आणि चौथे (पी किंवा जे) ऐन वेळी ठरवतो की आधीच, हे सांगते. ही पद्धत कुठून आली ते पाहा. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ साली स्वभावप्रकारांवर पुस्तक लिहिले. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी ते विचार घेऊन पुढे प्रश्नावली तयार केली. कॅथरिनला या विषयाची गोडी लागली ती होणाऱ्या जावयामुळे. तो तिच्या घरच्या सगळ्यांपेक्षा वेगळ्याच पद्धतीने विचार करणारा निघाला आणि हे असे का, असा प्रश्न तिला पडला. म्हणजे 'आपल्या घरात आलेला हा माणूस असा का वागतो' याच कुतूहलातून हे सगळे सुरू झाले. पत्रिका जन्मवेळेवरून आणि ग्रहांवरून तुमचे पुढचे सांगते. ही प्रश्नावली तुम्हीच दिलेली उत्तरे जरा मांडणी करून तुम्हाला परत देते, त्यापलीकडे तिच्याकडे काही नाही. इझाबेलचे या विषयावरचे पुस्तक १९८० साली आले. त्याचे नाव बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातल्या 'निरनिराळी कृपादाने' या शब्दांवरून घेतले आहे. अर्थात नाव पवित्र शास्त्रातले म्हणून चाचणी पवित्र शास्त्र होत नाही. त्या मायलेकींचे मानसशास्त्राचे रीतसर शिक्षणही झालेले नव्हते.

पण वडीलजनांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे, ती सोडू नका. 'मला मंगळ आहे म्हणून मी तापट' आणि 'मी आयएसटीजे आहे म्हणून मी बोलत नाही' ही दोन वाक्ये एकाच मुशीतली आहेत. दोन्हींत माणूस आपली जबाबदारी दुसऱ्या कशावर तरी टाकून मोकळा होतो. चाचणीचा असा वापर झाला की ती पत्रिकाच झाली.

आणि ती चुकते कशी, हेही समजून घ्या. समजा, साडेपाच फुटांवर भिंतीला रेघ मारली आणि तिच्या वरचे सगळे 'उंच', खालचे सगळे 'बुटके' असे ठरवले. पाच फूट पाच इंचांचा आणि पाच फूट सात इंचांचा माणूस वेगवेगळ्या गटांत गेले, पण त्यांच्यात फरक दोनच इंचांचा. चाचणीतले प्रत्येक अक्षर असेच ठरते. बहुतेक माणसे रेघेच्या आसपासच असतात, म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचे एखादे अक्षर पालटते. शिबिरात तर शेजारी नवरा किंवा बायको बसलेली, समोर पाळकसाहेब. अशा वेळी माणूस 'मी कसा आहे' यापेक्षा 'मी कसा दिसावा' याचे उत्तर लिहून जातो. तुमच्या कागदावर अक्षरांपुढे आकडे असतील तर ते काढून बघा. मध्यापासून लांब गेलेले अक्षर तेवढे लक्षात ठेवा. मध्याच्या आगेमागे असलेले सोडून द्या. आकडेच नसतील तर चाचणीतले कुठले अक्षर किती पक्के ते कळत नाही. तिच्यावर भार टाकू नका. (हल्ली स्थळ बघतानाही ही अक्षरे विचारली जातात असे दोन-तीन वाचकांनी कळवले आहे. कृपा करून तसे करू नका. मूळ चाचणी चालवणारेच ती नोकरीच्या निवडीसाठी वापरू नका म्हणतात, मग सोयरिकीचे काय?)

मग हे ज्ञान कशासाठी आहे? एकाच कामासाठी: आपली गोष्ट समोरच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते ते ओळखून आपण आपली बोलण्याची रीत बदलायची. 'आपण आपली' हे महत्त्वाचे. दुसऱ्याला बदलायला हे हत्यार घेतले की त्याची धार आपल्यालाच लागते, आणि तुमच्या घरात नेमके तेच झाले आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आज रात्री पुन्हा वाचा. लाजर मेला आहे, येशू बेथानीला येतो. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला भेटते आणि म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. हे एकविसावे वचन. थोड्या वेळाने मरीया येते, त्याच्या पायांशी कोसळते आणि अगदी तेच वाक्य बोलते. हे बत्तिसावे. दोघी सख्ख्या बहिणी, दुःख एकच, शब्दही तेच. आणि येशू दोघींना वेगवेगळे उत्तर देतो. मार्थेशी तो बोलतो, समजावतो, पुनरुत्थान व जीवन मीच आहे असे सांगून तिला थेट प्रश्न विचारतो, तुझा यावर विश्वास आहे का? मरीयेला तो यातले काहीच सांगत नाही. तिला रडताना पाहून तो व्याकूळ होतो, लाजराला कुठे ठेवले ते विचारतो आणि रडतो. मार्थेजवळ बसून तो नुसता रडला असता तर तिला आधार वाटला असता का? आणि मरीयेला त्या क्षणी कुणी पुनरुत्थानाचा पाठ दिला असता तर?

बायबलमधल्या माणसांना चाचणीची अक्षरे चिकटवू नका, तो खेळ शिबिरांत फार चालतो आणि त्यातून काही हाती येत नाही. पण माणूस ओळखून उत्तर देणे म्हणजे काय, हे इथे दिसते. अजून एक बारीक गोष्ट. पुढे बाराव्या अध्यायात बेथानीत पुन्हा जेवण होते, आणि तिथेही मार्था वाढतच असते. कामसू स्वभाव तसाच राहिला. लूकच्या दहाव्या अध्यायात 'बहीण मला मदत करत नाही' ही जी तिची तक्रार होती, ती मात्र इथे ऐकू येत नाही.

आता तुमच्या घरात येऊ. "नेमकं काय करू ते सांग." हे वाक्य तुम्हाला कोरडे वाटले, रडू आणखी वाढले असेल. पण ते कोण बोलतोय ते पाहा. ज्या माणसाच्या हाताखाली ड्रॉइंगवर माप आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) नसेल तर जॉब मशीनवर चढत नाही, तो माणूस तुमच्याकडे ड्रॉइंग मागतो आहे. 'मला वेळ द्या', 'मला समजून घ्या' ही वाक्ये त्याच्या लेखी माप नसलेली आहेत. तो अंदाजाने काहीतरी करेल, तुम्ही म्हणाल हे नव्हे, आणि त्याच्या खात्यावर आणखी एक रिजेक्शन जमा होईल. अशा माणसाने तीन-चार रिजेक्शननंतर हात आखडता घेतला तर नवल नाही. म्हणून माप द्या. "रविवारी संध्याकाळी पाच ते सहा आपण दोघंच रंकाळ्यावर चालायला जाऊ, मोबाइल घरी ठेवून." यात दिवस आहे, वेळ आहे, जागा आहे, करायचे काम आहे. "आज शाळेत डोक्याला फार ताप झाला. दहा मिनिटं नुसतं ऐका, उपाय नकोत." यातही माप आहे. वाक्याच्या सुरुवातीलाच 'ऐकायचंय' की 'उपाय पाहिजे' हे सांगितले की अर्धी भांडणे उंबऱ्यावरच थांबतात. कारण तर्काने चालणारा माणूस प्रश्न ऐकला की सोडवायलाच बसतो. सोडवणे हीच त्याची माया असते.

दुसरी जागा म्हणजे कामावरून आल्यानंतरचा वेळ. काही माणसे बोलता बोलता विचार करतात, तुमच्या पत्रावरून तुम्ही तशा दिसता. काही आधी मनात विचार करतात आणि मग बोलतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाने दिवसभर मशीनच्या आवाजात ऑपरेटर, इन्स्पेक्शन, डिस्पॅच सगळ्यांशी बोलून घर गाठलेले असते. दारातच "काय झालं आज? फी भरायची आहे. आईंची गोळी आणली का?" असे तीन प्रश्न आले की तो मोबाइलमध्ये शिरतो. मोबाइल त्याला आवडतो म्हणून नव्हे, बंद करायला घरात दुसरे दार नाही म्हणून. त्यांना तीस मिनिटे द्या. चहा ठेवा, "आलात का" एवढे म्हणा आणि आपल्या कामाला लागा. सासूबाईंनाही हे सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही गप्प आणि त्या सुरू. या तीस मिनिटांचा मोबदलाही ठरवून घ्या: जेवणानंतर पंधरा मिनिटे बोलायचे, मोबाइल दुसऱ्या खोलीत. सात मिनिटे तुमची, सात त्यांची, त्यांनी ती गप्प बसून काढली तरी चालेल. पैशाचा किंवा मुलीच्या शाळेचा मोठा विषय असेल तर सकाळीच मोबाइलवर एक ओळ टाका: 'आज रात्री फीबद्दल बोलू.' त्यांचा विचार दिवसभरात होऊन जातो. अचानक विचारले की त्यांच्याकडे बोलायला काहीच नसते आणि तुम्हाला वाटते, यांना काही पडलेलेच नाही.

हे मोडते कुठे, तेही सांगतो. पहिले चार दिवस सगळे छान जाते. पाचव्या दिवशी तुमचा दिवस वाईट जातो आणि तीस मिनिटे तुम्हाला तीन तासांसारखी वाटतात. त्या दिवशी दारातच सांगा, "आज मला थांबवत नाही, पाच मिनिटं आत्ता द्या." आठवड्यातून एकदा हे चालते. रोज झाले तर ठरावाला अर्थ राहत नाही. दुसरे, पंधरा मिनिटांची पस्तीस होतात. गजर लावा आणि वाजला की विषय अर्धा असला तरी थांबा. बोलणे कधी संपेल हे ठाऊक नसले की कमी बोलणारा माणूस ते सुरूच करत नाही.

ठरवण्याच्या बाबतीत मात्र चूक बहुधा तुमच्याकडे असेल. तुमचे शेवटचे अक्षर खरे असेल तर 'बघू', 'ऐन वेळी ठरवू' हे तुम्हाला मोकळेपण वाटते. त्यांना ती टांगती तलवार वाटते. नाताळला माहेरची माणसे किती येणार, करंज्या-अनारसे घरी करायचे की बाहेर सांगायचे, पाहुणे किती दिवस राहणार, हे दहा डिसेंबरपर्यंत आकड्यांत सांगून टाका आणि मग बदलू नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे आणि संसाराची काळजी लक्ष्मीबाईंना वाहावी लागे, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. दोघांपैकी एक मोकळ्या हाताचा आणि एक मोजणारा, अशी घरे चालतात. पण मोजणाऱ्याला आकडा वेळेवर मिळावा लागतो.

भांडण पेटले तर? "सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नये" हे इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले वचन पुढे करून रात्री साडेअकराला नवऱ्याला बोलायला बसवणाऱ्या भगिनी आम्हाला पुष्कळदा लिहितात. त्या वचनात राग जपून ठेवू नका असे आहे, प्रत्येक विषय झोपण्याआधी निकालात काढा असे नाही. त्याच वचनातले 'रागावा पण पाप करू नका' हे शब्द पत्र लिहिणाऱ्या पौलाने चौथ्या स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरातून घेतले आहेत. आणि ते स्तोत्र तिथेच पुढे सांगते की अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्या मनाशी विचार करा आणि स्तब्ध राहा. तुमच्या यजमानांची रीत पवित्र शास्त्राबाहेरची नाही, ताई. आवाज चढला की थांबायचे, पण थांबणाऱ्याने परत येण्याची वेळ सांगून उठायचे: "मी अर्ध्या तासाने बोलतो." छातीतली धडधड आणि अंगातला ताव उतरायला वीसेक मिनिटे तरी लागतात, त्याआधी परत बसलात तर तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून. वेळ न सांगता उठून जाणे ही शिक्षा आहे, ती चालणार नाही. हे मात्र त्यांना स्पष्ट सांगा. झोपायच्या आधी दोघांनी एवढेच म्हणायचे, "विषय राहिलाय, पण माझा तुझ्यावर राग नाही." ते खरे नसेल त्या रात्री म्हणू नका. "अजून राग आहे, उद्या सातला बोलू" असे सांगा.

आता प्रार्थना. हे लिहिताना जड वाटते, कारण तुम्ही ती मनापासून करता. पण त्या अंथरुणावर त्यांच्या जागी पडून ऐका. खोलीत अंधार, डोळे मिटलेले, आणि बायको देवाला मोठ्याने सांगते आहे की यांना बोलण्याची बुद्धी दे, यांचे मन मऊ कर. उत्तर द्यायची सोय नाही, उठून जायची नाही, रागावले तर प्रार्थनेवर रागावल्याचे पाप. देवाला उद्देशून नवऱ्याला सुनावणे असे त्याचे रूप होते, तुमच्या मनात तसे नसले तरी. त्यांच्यासाठीची प्रार्थना मत्तयच्या सहाव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे दार लावून एकांतात करा, आणि रोज करा. त्यांच्यासोबत करायची ती पाच मिनिटांची. एक स्तोत्र, त्या दिवसाची प्रत्येकाची एक आभाराची गोष्ट, आणि शेवटी तिघा-चौघांनी मिळून प्रभूची प्रार्थना. आभारही मापाचे हवेत. 'चांगल्या नवऱ्याबद्दल आभार' नको, 'आज यांनी आईंना दवाखान्यात नेलं त्याबद्दल आभार' असे. ज्यांना स्वतःचे शब्द जुळवून मोठ्याने प्रार्थना करणे अवघड जाते त्यांनी वचन वाचले तरी ती भक्तीच आहे. मंडळीत मोठ्याने छान प्रार्थना करणाऱ्याला आपण जास्त आध्यात्मिक समजतो, आणि त्यात अशी गप्प माणसे किती वर्षे अपराधी वाटून घेत बसलेली असतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

त्याच धर्तीवर आणखी एक. उपासनेनंतरच्या त्या चार जणींत 'प्रार्थनेचा विषय आहे हं' म्हणून घरातले निघत असेल तर आजपासून थांबवा. भावाची चूक असेल तर आधी एकट्याने जाऊन त्यालाच सांग, हे मत्तय अठराव्या अध्यायात स्वच्छ आहे. कमी बोलणाऱ्या माणसाला आपले घर मंडळीच्या अंगणात चर्चिले जाते हे कळले की तो घरातही दार लावून घेतो.

"मी असाच आहे" या त्यांच्या वाक्याला उत्तर आहे. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची यादी आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. गुण नऊ, पण मूळ शब्द 'फळ' असा एकवचनी आहे. त्यामुळे हा स्वभाव आहे म्हणून ममता माझ्या वाट्याची नाही, किंवा तो प्रकार आहे म्हणून इंद्रियदमन मला लागू नाही, अशी वाटणी करता येत नाही. पण ही यादी त्यांच्यापुढे धरण्याआधी महिनाभर स्वतःपुढे धरा. कुसळ आणि मुसळ यांचा क्रम येशूने ठरवून दिला आहे, आधी आपले मुसळ. या महिन्यात घरात ती अक्षरे कुणीही उच्चारायची नाहीत. 'तुम्ही इंट्रोव्हर्ट आहात' याऐवजी 'तुम्हाला आल्यावर थोडं शांत बसायला लागतं'. पहिल्याने माणसावर शिक्का बसतो, दुसऱ्याने त्याची गरज दिसते. एक साधी वही घ्या, सात दिवस फक्त तीन गोष्टी टिपा: किती वाजता, मी नेमके काय बोलले, ते काय म्हणाले. 'तुसडेपणाने म्हणाले' असे लिहू नका, शब्दच लिहा. सात दिवसांनी वाचाल तेव्हा दिसेल की आठापैकी पाच-सहा खटके एकाच वेळेला उडतात. ती वेळ आधी बदला, माणसे नंतर.

आणि मार्च. हे रंकाळ्यावर चालताना विचारा, घरात समोरासमोर बसून नको. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, म्हणून अशी माणसे तिथे जास्त बोलतात. तीनच वाक्ये: "मार्चपासून तुम्ही जेवताना गप्प असता. मला काळजी वाटते. कामावर काही झालंय का?" आणि मग थांबा. मनात वीस मोजा. ही शांतता भरून काढण्याचा मोह तुम्हाला फार होईल, नेमक्या त्याच जागी तुमचा स्वभाव तुम्हाला आवरायचा आहे. "काही नाही" असे उत्तर आले तर "बरं, वाटलं तर सांगा" म्हणून विषय सोडा आणि पुढच्या रविवारी एकदाच पुन्हा विचारा. कारण तुम्ही सुचवू नका. वर्षअखेरचे टार्गेट, पाळीतला बदल, कुणाला दिलेले उसने पैसे, छातीत दुखणे, काहीही असू शकते, आणि तुम्ही एक नाव घेतले की ते त्यालाच 'हो' म्हणून सुटका करून घेतील.

झोप मोडते, भूक गेली, आवडीच्या गोष्टींत मन लागत नाही, चिडचिड वाढली, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालले आहे असे दिसले तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या) मानसोपचार विभागात दाखवता येते, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येते. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झाडाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिले आणि दोनदा भाकर-पाणी दिले, उपदेश केला नाही. डॉक्टरकडे जाणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. जगण्यात अर्थ नाही असे काही तोंडून निघाले तर मात्र पुढच्या रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

तुमच्या पत्रात तसे काही नाही, पण हे वाचणाऱ्या इतर भगिनींसाठी लिहितो. मारहाण, धमकी, घरखर्चाचे पैसे अडवणे, मोबाइल तपासणे, माहेरी जाऊ न देणे हे कुठल्याही स्वभावप्रकारात बसत नाही. त्याला 'स्वभाव' म्हणू नका, आणि 'सहन कर, प्रार्थना कर' एवढेच सांगणाऱ्याचे ऐकू नका. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा पाठीशी आहे.

सासूबाईंना आणि मुलीला चाचणी देऊ नका. नऊ वर्षांच्या मुलीला एकदा 'तू बाबांसारखी' म्हटले की ती तशी वागायला लागते.

येत्या रविवारचे एवढे करा. शनिवारी रात्रीच त्यांना सांगा, "उद्या उपासना सुटल्यावर मला वीस मिनिटं लागतील, मग मी गाडीपाशी येते." त्यांना वाटले तर तेवढ्यात चहा पिऊन येतील, मुलीला संडे स्कूलमधून घेतील, किंवा नुसते गाडीवर बसतील. तुम्ही मोबाइलवर अठरा मिनिटांचा गजर लावा. तो वाजला की बोलणे अर्धे असले तरी "बाकीचं फोनवर" म्हणून निघा, आणि हॉर्न वाजण्याआधी गाडीपाशी उभ्या राहा.